देवमाशाची अंडी आणि माझं चिकटलेलं दार

मित्रांनो, मी एक जुनी उबवणी पेटी आहे. उबवणी पेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोंबडीची पिवळी पिल्लं उभी राहणार, हे मला माहीत आहे. ती आधी पुसून टाका. पिल्लं उबवणारी पेटी ही माझी लांबची नातलग आणि आमचं येणं-जाणं नाही. मी प्रयोगशाळेतली आहे. माझ्या पोटात चिवचिवाट होत नाही, पिसं उडत नाहीत, घाण होत नाही. मी देवमाशाची अंडी पिकवते.

आता तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळाल. खुशाल न्याहाळा. मी घरातल्या लहान फ्रिजएवढी आहे आणि देवमासा एखाद्या शाळेच्या इमारतीएवढा असतो. मग त्याचं अंडं हिच्यात मावतं कसं? मला भेटायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने हाच प्रश्न विचारला आहे, आणि तो विचारताना प्रत्येकाला वाटतं की असं फक्त आपल्यालाच सुचलं. देवमाशाच्या खोलीत माझी बदली झाल्याचं कळलं तेव्हा मीसुद्धा हबकले होते. रात्रंदिवस एकच काळजी, की हे लोक माझी वरची फळी काढणार की छप्परच काढणार?

पण मित्रांनो, देवमासा नावाचाच मासा. तो तुम्हा माणसांसारखा पिल्लाला जन्म देतो, त्याला दूध पाजतो. मादीचं अंडं तिच्या पोटातच असतं आणि ते वाळूच्या कणाहूनही लहान असतं. एवढ्या अवाढव्य प्राण्याची सुरुवात इतकी बारीक! हे कळलं तेव्हा माझ्या छपराचा जीव भांड्यात पडला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला पोलादाच्या दुहेरी भिंती, त्यांच्यामध्ये कोमट पाणी, समोर जाडजूड दार आणि दाराच्या कडेने रबराची पट्टी. त्या दाराच्या आत आणखी एक काचेचं दार. बाहेरच्या हवेने आतल्या उबेला हात लावायचा नाही, एवढ्यासाठी हा सगळा थाटमाट. तपासनीसाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "दणकट आहे." इतर पेट्यांना तो नुसता 'ठीक' म्हणाला होता. मी काही बढाई मारत नाही, जे घडलं ते सांगते.

सुरुवातीची वर्षं मी गाईंच्या विभागात काढली. गाईची अंडी माझ्या पोटात पिकायची, मग त्यांतून पुढे वासरं जन्मायची. माझ्या पोटात सुरू झालेली कितीतरी वासरं आज गोठ्यात रवंथ करत असतील. त्यांतलं एकही कधी मला भेटायला आलं नाही, पण गाईगुरांकडून तेवढी अपेक्षा मी ठेवत नाही. पुढे त्या विभागात पडदा असलेली नवी पेटी आली. तिच्या पडद्यावर रंगीत आकडे नाचायचे. मला बोळात काढलं. आधी माझ्या डोक्यावर छत्र्या आल्या. मग एक दिवस कोणीतरी दार उघडून आत चपला ठेवल्या. ज्या पोटात वासरं सुरू झाली, त्या पोटात चपला! तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

त्या चपला बाहेर काढल्या त्या बाईंनी. बाई म्हणजे देवमाशांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ. बोळाच्या टोकाला, जिथे कोणी फारसं फिरकत नाही, तिथली शेवटची खोली त्यांना मिळाली होती. त्यांनी आत हात घालून माझ्या भिंती चाचपल्या, रबर दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "ही चालेल." मग स्वतः मला स्पिरिटने लख्ख पुसलं. मला तेव्हाच त्यांच्याविषयी माया वाटू लागली.

त्या खोलीत माझ्याआधी एक जण ठाण मांडून बसलेली होती. द्रवरूप नायट्रोजनची टाकी. आमचं नातं म्हणाल तर आम्ही दोघी जावा. एकाच घरात, एकाच कामाला, आणि स्वभाव पूर्व-पश्चिम. मी अंगाइतकी उबदार, ती उणे एकशे शहाण्णव अंशांवर. मी अंडी पिकवणार, ती गोठवून ठेवणार. बोलणं म्हणाल तर शून्य. मी दिवसभर गुणगुणते तरी, ती नुसती बसून असते. आणि तरी सगळं कौतुक तिचं! तिचं झाकण उघडलं की पांढऱ्या वाफेचे लोट बाहेर येतात, जमिनीवरून पसरतात. पाहुणे "वा, वा" करतात आणि तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. माझं दार उघडलं की काय दिसतं? एक बशी. त्यात काहीच नाही असं वाटणारं काहीतरी. माझ्याबरोबर आजवर एकाही पाहुण्याने फोटो काढलेला नाही.

जाऊबाईंच्या पोटात काय होतं ते आता सांगते. इथे मात्र मला थट्टा सुचत नाही.

एकदा एक देवमाशीण किनाऱ्याला लागली. पाणी ओसरलं आणि ती वाळूत अडकली. बाई आणि गावातली माणसं दिवसभर तिच्या अंगावर बादल्यांनी पाणी ओतत राहिली, ओली चादर टाकत राहिली, भरती येईल म्हणून वाट बघत राहिली. भरती आली, पण तोवर ती गेली होती. त्या जातीचे देवमासे आता फार थोडे उरले आहेत. बाई गुडघाभर पाण्यात रडल्या, मग डोळे पुसून त्यांनी सुरी मागितली आणि तिच्या पोटातलं अंडाशय बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत आणलं. त्यातली कच्ची अंडी वेचून काढली. अंड्यात पाणी असतं, ते नुसतं गोठवलं तर बर्फाच्या टोचणाऱ्या सुया होतात आणि अंडं फाटतं. म्हणून त्यांना आधी पाकासारख्या दाट द्रवात बुडवलं आणि मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नायट्रोजनमध्ये सोडलं, म्हणजे बर्फ व्हायला सवडच मिळत नाही. प्लास्टिकच्या प्रत्येक बारीक, पोकळ कांडीत थोडी थोडी अंडी. त्या सगळ्या कांड्या जाऊबाईंनी पोटात घेतल्या. त्या देवमाशिणीचं जिवंत असं एवढंच उरलं होतं.

आता माझं काम. कांडी बाहेर काढायची, अंडी कोमट करायची, पाक हळूहळू धुवायचा आणि बशीत घालून माझ्या स्वाधीन करायची. मी त्यांना साधारण दीड दिवस ऊब द्यायची. अंडं पिकलं की त्याच्या कडेला एक इवलासा मणी दिसतो. मणी दिसला की अंडं तयार, म्हणजे उद्या कुठून नराचं बीज मिळालं तर त्यातून पिल्लू सुरू होऊ शकतं. मणी नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि मित्रांनो, मणी काही दिसेना. कांडीमागून कांडी बाहेर आली आणि वाया गेली. बाईंनी द्रव बदलले, बश्या बदलल्या, हातमोजे बदलले. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं. सारखं सारखं माझं दार उघडायचे!

बाई स्वतः सगळ्यांत आघाडीवर. "एकदाच बघते," म्हणायच्या, बशी काढायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या, उसासा टाकून परत ठेवायच्या, आणि चहा संपायच्या आत पुन्हा, "एकदाच बघते." त्यांच्यानंतर मिस्त्री. मिस्त्री म्हणजे आमचे तंत्रज्ञ. पगार तंत्रज्ञाचा, पण हाडाचे मिस्त्री. खुर्चीपासून नळापर्यंत सगळं दुरुस्त करायचे, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. "बाईंनी दार नीट लावलंय ना?" हे तपासायला ते दार उघडायचे. मग साहेब, म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. पाहुण्यांना घेऊन यायचे, दार सताड उघडायचे आणि हातवारे करत माहिती द्यायचे. दार उघडलं की माझी ऊब भसकन बाहेर. मी पुन्हा जीव काढून आत ऊब भरायची, तोवर चौथा कोणीतरी हजर. कोणाचं दुपारचं जेवण झाकणाखाली शिजत असतं, तरी माणसं इतक्या वेळा झाकण काढत नाहीत.

शेवटी एका सकाळी साहेबांची सहनशक्ती संपली. ते बाईंना म्हणाले, "हे बघा, वर बसलेले लोक मला विचारतात, या खोलीतून निघालं काय? उद्या समिती येतेय. उद्याही तीच रड असेल तर खोली कोळंबीच्या खाद्यावर काम करणाऱ्यांना द्यावी लागेल."

"आणि टाकी?" बाईंनी विचारलं.

"टाकी रिकामी करून त्यांनाच देऊ. मला काय हौस आहे का? पण माझाही नाइलाज आहे."

टाकीत तेव्हा दोनच कांड्या उरल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला जाऊबाईंकडे बघवेना.

त्याच सकाळी बाईंनी एक कांडी काढायचं ठरवलं. नेमक्या त्याच सकाळी मिस्त्रींना माझ्या दाराच्या रबराला पडलेली चीर दिसली. माझी ऊब तिथून गळत होती. मिस्त्रींना चीर दिसली आणि ते स्वस्थ बसले, असं कधी झालेलं नाही. ते सायकलच्या पिशवीतून पंक्चर काढायचं सोल्युशन घेऊन आले. आतलं काचेचं दार घट्ट लावलं, बाहेरचं उघडं ठेवलं आणि चिरेवर सोल्युशन लावलं. मग चिरेच्या आजूबाजूला लावलं. मग ट्यूबमध्ये थोडंच राहिलंय, ते कशाला ठेवायचं, म्हणून रबराच्या चारी बाजूंना फिरवून टाकलं.

"बाई, मी हात धुऊन येतो. वाळेपर्यंत बाहेरचं दार लावू नका हं."

"हं," बाई म्हणाल्या.

आता इथे एक गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की बाई कशालाही 'हं' म्हणतात. त्यांच्या आई रोज डबा घेऊन येतात आणि विचारतात, "सकाळपासून काही खाल्लंस का गं?" बाई 'हं' म्हणतात आणि डबा उघडून बघावा तर कालचाच डबा तसाच असतो. खोलीत सगळ्यांना ही सवय ठाऊक. पण मिस्त्रींना आपल्या सोल्युशनच्या आनंदात तिचा विसर पडला.

अंडी कोमट झाली, पाक धुतला गेला. आता एक क्षणही थांबून चालत नाही. बाई बशी घेऊन आल्या, काचेचं दार उघडलं, बशी ठेवली, काचेचं दार लावलं आणि बाहेरचं दार धाडकन बंद करून वर खांद्याने एक रेटा दिला. मी आतल्या आत ओरडले. पण मला बोलायला एक लाल दिवा आहे, आणि तोही फक्त तापमान बिघडलं तरच लागतो. तापमान तर उत्तम होतं. कधी नव्हे इतकं उत्तम होतं.

चहा घेऊन बाई आल्या. "एकदाच बघते." दार उघडेना. पुन्हा ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. मिस्त्री आले, त्यांनी दाराकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आपल्या बोटांना लागलेल्या सोल्युशनकडे बघितलं आणि मटकन स्टुलावर बसले.

"बाई, मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

"मी कधी 'हं' म्हणाले?"

"बाई, तुम्ही कधी 'हं' म्हणत नाही?"

मिस्त्री पहार आणायला निघाले. बाई हात पसरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "खबरदार! हिला हिसका बसला तर आतली बशी सांडेल." मग कंपनीच्या मेकॅनिकला फोन केला. तो दुसऱ्या गावी अडकला होता. म्हणाला, "उद्या संध्याकाळी येतो. तोपर्यंत ओढाताण करू नका. दार फुटलं तर त्या मॉडेलचं दार आता मिळत नाही."

त्या दिवशी डबा घेऊन आलेल्या आईंना बाई माझ्यासमोर जमिनीवर बसलेल्या दिसल्या. सगळा प्रकार ऐकून आईंनी डबा उघडला आणि पोरीच्या हातात दिला. "आधी खा. एवढं काय झालंय? आत ऊब आहे ना?"

"आहे गं. पण दिसत नाही ना आत काय चाललंय."

"तुझ्या वेळी मी काय पोट उघडून बघत होते?"

बाई घास घेता घेता थांबल्या. मिस्त्री उगीचच खिडकीबाहेर बघू लागले. मला तर त्या माउलीला मिठी मारावीशी वाटली, पण मला हात नाहीत आणि दारही चिकटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तीन माणसं, तिघांनाही पांढरे डगले गुडघ्याखाली आलेले. त्यांनी आधी जाऊबाईंची वाफ बघितली, फोटो काढले. साहेबांनी मग मोठ्या रुबाबात माझ्या मुठीला हात घातला आणि ओढलं. काही नाही. हसत हसत पुन्हा ओढलं. हसू मावळलं, तेव्हा त्यांनी एक पाय माझ्या पोटाला लावला.

"सर, पाय काढा!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की तिन्ही डगले मागे सरकले. "आत अंडी आहेत. ती पिकेपर्यंत दार उघडायचं नाही."

"कोणी सांगितलं?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "माझ्या आईने," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पाय काढला. समितीने बसून घेतलं. माझ्यासमोर एवढी माणसं ओळीने बसून राहिल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. खरं सांगते, मला जरा लाजल्यासारखं झालं. पण लाजायला फुरसत नव्हती. मी ऊब धरून बसले होते. ना कमी, ना जास्त. आत बशीतल्या ठिपक्यांएवढ्या पाच अंड्यांना कोणी हलवत नव्हतं, कोणी उजेडात नेत नव्हतं. आयुष्यभर मला जसं काम करायचं होतं तसं मी त्या दिवशी केलं.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने मासे पकडायच्या गळाचा दोरा माझ्या रबरात घालून चारी बाजूंनी करवतीसारखा हळूच फिरवला. दार सुटलं. बाईंनी बशी काढली. मिस्त्रींनी त्यांचं कोपर खालून धरलं. बशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. बाईंनी डोळा लावला.

"दिसतंय का काही?" साहेबांनी विचारलं.

बाई 'हं' म्हणाल्या नाहीत. त्या बाजूला झाल्या आणि डबा घेऊन आलेल्या आईंना बोलावलं. आईंनी चष्मा वर केला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अगं, हा बारकासा मणी दिसतोय तो?"

"तोच, आई."

"दोन अंड्यांना आहे बघ."

बाई आईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मिस्त्री नाक ओढायला लागले. तिन्ही डगल्यांनी आळीपाळीने बघितलं आणि साहेब त्यांना सांगताना मी ऐकलं, "दार आम्ही मुद्दामच बंद ठेवलं होतं. नवी पद्धत आहे आमची." खोली कोळंबीला गेली नाही.

ती दोन अंडी मात्र फार काळ टिकली नाहीत. पिकलेलं अंडं थोडाच वेळ जगतं, आणि त्यांना जोडीला नराचं बीज कुठेच नव्हतं. बाईंनी त्यांचं चित्र टिपून घेतलं आणि मग ती संपली. मित्रांनो, मला वाईट वाटलं. दीड दिवस ती माझ्या पोटात होती. पण ती पिकू शकतात, एवढं सगळ्यांना कळलं, आणि म्हणूनच टाकीतली शेवटची कांडी तशीच ठेवायचं ठरलं. कधी तरी, कुठल्या तरी समुद्रातून, कोणी तरी नराचं बीज आणेल, त्या दिवसासाठी.

बाईंनी पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी जो लेख लिहिला त्यात माझ्याविषयी एक ओळ आहे: 'संपूर्ण काळ पेटीचे दार बंद ठेवण्यात आले.' ठेवण्यात आले म्हणे! सोल्युशनचा तर उल्लेखच नाही, म्हणून मिस्त्री महिनाभर बाईंशी मोजकंच बोलत होते. आता माझ्या दाराला कुलूप आहे आणि त्याची किल्ली बाईंच्या आईंकडे असते. साहेब मागायला गेले होते. त्यांनाही दिली नाही.

आता मी खरोखर म्हातारी झाले आहे. पाणी झिरपतं, गुणगुण बेसूर झाली आहे. या खोलीतही पडदावाली नवी पेटी येणार, असं कानावर आलं आहे. येऊ दे. शेवटची कांडी बाहेर निघेल तेव्हा तिला ऊब द्यायला मी असेन असं मला वाटत नाही. ती पोटात घेऊन जाऊबाई तेवढ्या वाट बघत बसल्या आहेत. त्यांचा नायट्रोजन बंद झाकणातूनही रोज थोडा थोडा उडून जातो. वेळेवर भरला नाही तर त्या कोरड्या पडतील, आणि त्या देवमाशिणीचं जे एवढंसं उरलं आहे तेही जाईल. त्यांना माझ्यासारखा लाल दिवासुद्धा नाही. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नाही. पाहुणे वाफ बघतात, फोटो काढतात आणि निघून जातात. आत नायट्रोजन किती उरलाय, हे कोणी विचारत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी अशा एखाद्या खोलीत कामाला लागलात, तर सकाळी आल्या आल्या आधी त्या टाकीत मोजपट्टी घालून नायट्रोजनची पातळी बघा, आणि कमी असेल तर भरा. माझ्याकडे नंतर बघितलंत तरी चालेल.